व्यायामानंतरची साखरही मोजा

मधुमेहींना रोजच्या व्यायामाचा आग्रह करणारा आपला लेख पटला. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या (शरीरातील इन्सुलिन वाढवणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांसाठी सावधगिरीची सूचना त्यात हवीच होती. चालण्याने साखर उतरते. जोरकस व्यायामात मात्र अ‍ॅड्रेनालिन या संप्रेरकामुळे यकृत साखर सोडते आणि ती काही काळ चढलेली दिसते. ते पाहून घाईने जादा इन्सुलिन टोचणे धोक्याचे, कारण स्नायू पुढचे २४ तासही साखर ओढत राहू शकतात. ती झोपेत घसरली तर कळतही नाही. व्यायामापूर्वी रक्तातील साखर ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असल्यास आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. २५० च्या वर असून कीटोनही (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून बनणारे आम्लयुक्त पदार्थ) आढळले, तर त्या वेळी व्यायाम नकोच. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांनी झोपण्यापूर्वी पुन्हा तपासणी करावी.