बाई, तुम्हीही तिच्याबरोबर खाल्लंत

आदरणीय बाई,

समोर येऊन बोलले असते तर माझा घसा दाटला असता आणि तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणत विषय तिच्या पाढ्यांकडे वळवला असता. म्हणून लिहिते. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण माझ्या लेकीला नको म्हटलं गेलं ते चारचौघांसमोर. आभारही चारचौघांसमोरच मानते.

सहा वर्षांची असताना तिला टाईप १ मधुमेह निघाला. हा गोड खाऊन होत नाही, हे सांगून सांगून मी थकले. शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. माझा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागतो तो तिची साखर उतरते तेव्हा. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, बडबडी पोर एकदम गप्प होते. लगेच ग्लुकोज तोंडात जायला हवं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शाळेकडून मला एवढंच हवं होतं.

पहिल्या शाळेला ते जमलं नाही. मोठी इमारत, मोठं नाव. दप्तरातली ग्लुकोजची पुडी "वर्गात खायचं नाही" म्हणून काढून घेतली. सहलीच्या आदल्या दिवशी निरोप आला, "वाटेत काही झालं तर जबाबदार कोण? या वेळी तिला घरीच ठेवा." दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवा फ्रॉक घालून खळ्यात बसून होती. गाडी आमच्याच रस्त्याने गेली, आतली मुलं गाणी म्हणत होती. तिने हात केला. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग आम्ही वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आलो. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "साखर कमी झाली की ती दिसते कशी?" आकडे नंतर विचारलेत, आधी तिचा चेहरा समजून घेतलात. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

शाळेमागच्या परसबागेत तिला सावलीत बसवून ठेवाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही तिच्या हातात कुदळ दिलीत. खणायच्या आधी चतकोर भाकरी खायची, कारण अंगमेहनतीने साखर उतरते, हे तुम्ही सगळ्या वर्गालाच सांगितलंत. श्रावणात पडवळाच्या टोकाला दोरीने दगड बांधायचं काम तिच्याकडे होतं, वेल सरळ वाढावी म्हणून. रोज घरी येऊन कुठलं पडवळ किती लांबलं ते दोन्ही हात पसरून दाखवायची. तिने उपटलेला लाल माठ पोषण आहाराच्या जेवणात शिजला, त्या दिवशी तर तिचे पाय जमिनीवर नव्हते. रताळ्याने साखर चढते, माठाने तशी चढत नाही, हे डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलं होतं. ती ते वाफ्यात शिकली.

आणि मग ते नाटक. १४ नोव्हेंबरला बालदिन म्हणून तुम्ही मुलांना मालवणात मामा वरेरकर नाट्यगृहात दशावतार बघायला नेलंत. इन्सुलिनच्या शोधातले फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म त्याच तारखेचा, म्हणून तो जागतिक मधुमेह दिनही असतो. तुम्ही काही तो हिशेब धरून दिवस निवडला नव्हतात, पण माझ्या मनात ते घर करून राहिलं. जत्रेतला दशावतार रात्रभर चालतो, त्या जागरणाच्या भीतीने मी तिला कधी नेलंच नव्हतं. "मी बरोबर येऊ का?" असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "बाकीच्यांच्या आया येतायत का? मग तिचीही नको."

रात्री तिच्या फ्रॉकवर पांढरी पूड दिसली म्हणून मी विचारलं. तेव्हा कळलं. काळा संकासुर रंगमंचावर येऊन मालवणीत हुज्जत घालायला लागला, सगळी मुलं हसत सुटली आणि ही हसेना. तुम्ही अंधारात तिचा हात धरून बघितलात, तो ओला होता. पुडी फोडलीत. पण हिने तोंड मिटलं. सगळे बघतील, आपण एकटीच खाणार, हे तिच्या मनात पहिल्या शाळेपासून बसलेलं. तेव्हा तुम्ही थोडी पूड स्वतःच्या तळहातावर घेतलीत आणि तिच्यासमोर चाटलीत. मग तिने खाल्लं. शेजारच्या दोघींनी हात पुढे केले, त्यांनाही चिमूट चिमूट दिलीत.

मला सांगताना ती साखर, घाम काही बोलली नाही. म्हणाली, "आये, बाईंनी पण माझ्यावांगडा खाल्ल्यानी." मग अर्धा तास संकासुराची नक्कल केली.

बाई, ग्लुकोज कोणीही दिलं असतं. तुमच्या तळहातावरची ती पूड मला विसरता येत नाही. अशी माणसं आम्हाला भेटत गेली म्हणून आम्ही तरलो. वादळात दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा इन्सुलिन थंड राहावं म्हणून मासेवाल्या मावशीने मागितल्याशिवाय आपल्या पेटीतला बर्फ आणून दिला होता, तिच्या मासळीला तोच लागतो हे माहीत असूनही. अशांना हिशेब सुचत नाही. जबाबदार कोण, हे विचारण्याआधी त्यांचा हात पुढे झालेला असतो.

तुमची पुडी त्या दिवशी संपली असेल. सोमवारी तिच्या दप्तरातून दोन पाठवते. एक तिची, एक तुमची, असं तिनेच वर नावं घालून ठेवलंय.

तुमच्या तिसरीतल्या एका मुलीची आई