मजबूत पकड आणि हजार यार्ड

वोकिंग, सरे
१७ ऑगस्ट

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राचे उत्तर अजून माझ्याकडून यायचे आहे आणि त्याची रुखरुख मनाला आहे. पण आज लिहायला बसलो ते त्यामुळे नव्हे. परवा बिस्लेच्या स्टिकलडाउन नेमबाजी रेंजवर आमच्या मुक्ताच्या बाबतीत जे घडले ते आपल्या कॅम्पातल्या हवालदारसाहेबांसमोर मातीत पालथा पडलेला माणूसच समजू शकेल, म्हणून तुला लिहितो आहे. आमच्या प्रकृती ठीक आहेत. सुनंदाचा रक्तदाब आटोक्यात आहे.

मुक्ता या वर्षी पॉइंट टू-टूची हलकी रायफल सोडून ७.६२ मिलिमीटरच्या मोठ्या रायफलवर आली, हे तुला ठाऊक आहे. सेंच्युरी रेंजवर ३०० यार्डांचे तिचे ग्रुप, म्हणजे निशाणावर जमलेले गोळ्यांचे झुबके, पाहून तू खूश झाला असतास. परवा ती १००० यार्डांवर पडली आणि गोळ्या उभ्या रेषेत पसरू लागल्या. डावी-उजवी चूक जवळजवळ नाही, कारण वारा तिला उत्तम वाचता येतो. पण एक गोळी बुलच्या, म्हणजे निशाणाच्या मधल्या वर्तुळाच्या, डोक्यावर, तर पुढची पार पायथ्याशी. कोनाचे एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, तिथे २६ सेंटिमीटरांहून अधिक, आणि बुल साधारण दोन मिनिटांचा. शेजारच्यांनी लगेच काडतुसांवर बोट ठेवले, आणि ती शंका गैर नव्हती. गोळीच्या वेगात सेकंदाला १० मीटरांचा फरक पडला, तरी हजार यार्डांवर ती पाव मीटर वर-खाली जाते. मग क्लबमधल्या एका वयस्क सभासदांनी तिचीच रायफल घेतली, स्लिंग, म्हणजे दंडाला अडकवायचा पट्टा, आपल्या हाताजोगी केली आणि त्याच डब्यातली काडतुसे झाडली. ग्रुप बुलमध्ये सहज मावला, पण सगळाच्या सगळा तिच्या ग्रुपच्या मध्यापासून जवळजवळ एक मिनिट खाली. नेम धरायच्या साइटला कोणी हात लावला नव्हता.

आता तुला आपले भांडण आठवले असेल. कॅम्पमध्ये दुसऱ्याने झिरो केलेली, म्हणजे गोळी नेमाच्या जागी लागावी अशी साइट जुळवलेली, रायफल तुझ्या वाट्याला आली तेव्हा तू ती वाकडी आहे म्हणालास, मी तुझी पकड वाकडी आहे म्हणालो, आणि रविवारच्या मटणापर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही. इतक्या वर्षांनी मला वाटते की आपण दोघेही एकाच गोष्टीची दोन टोके धरून बसलो होतो. झिरो एकट्या रायफलचा नसतोच. तिच्यामागे पडलेल्या माणसाचा खांदा, गाल आणि कोपर त्यात धरलेले असतात.

कारण उघड आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडा अधिक वेळ जातो, आणि तेवढ्यात रायफल मागे सरकायला लागलेली असते. गोळी १० ग्रॅमची, रायफल सहा किलोंच्या आसपास. हिशेब केला तर गोळी नळीच्या तोंडाशी पोहोचते तोवर रायफल एक ते दीड मिलिमीटर मागे आलेली असते. खांद्याला जो धक्का कळतो त्यातला बहुतेक भाग नंतरचा. नळीची रेषा बट, म्हणजे रायफलचा मागचा भाग, खांद्यात टेकतो त्या जागेच्या वर असते, म्हणून मागे येता येता तोंड वर उचलले जाते, आणि मीटरभर लांबीच्या रायफलचे तोंड ०.३ मिलिमीटर उचलले की तेच एक मिनिट होते. बट खांद्यात बोटभर वर बसला, कोपर थोडे पुढे सरकले, स्लिंगचा ताण बदलला, तर ते उचलणेही बदलते. सगळे दरवेळी सारखे असेल तर साइट फिरवून त्याची भरपाई करता येते. सारखे नसेल तर कशाचीच भरपाई होत नाही.

ज्या थ्री-नॉट-थ्री ली-एनफिल्डने ड्रिलमध्ये आपले खांदे सोलले, तिच्याबद्दल इथले जुने नेमबाज फार प्रेमाने बोलतात. ली-एनफिल्डच्या बोल्टचे, म्हणजे काडतूस आत बंद करणाऱ्या दांड्याचे, अडसर मागच्या बाजूला असल्यामुळे झाडताना तिची नळी वर-खाली अधिक थरथरते, आणि किंचित मंद गोळी उशिरा बाहेर पडते तेव्हा तोंड जरा वर आलेले असते. त्यामुळे लांबच्या पल्ल्यावर वेगातला फरक बराचसा आपोआप भरून निघतो. मुक्ताच्या रायफलवर अशी मेहेरबानी नाही.

हवालदारसाहेबांच्या ‘मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम), दुरुस्त ट्रिगर’ यातला पहिला शब्द तू असा मनावर घेतला होतास की तुझी बोटे पांढरी पडत, आणि जेवताना भाकरी मोडायला तुला माझी मदत लागे! तुझी बाजू घेणारे एक उदाहरण इथल्या इतिहासातच आहे. १८६० साली विंबल्डनला नेमबाजीची पहिली स्पर्धा भरली तेव्हा राणी व्हिक्टोरियाने यंत्रात आवळलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी ओढून ४०० यार्डांवर निशाणाच्या मध्याजवळ गोळी घातली. पण यंत्राचे स्नायू दमत नाहीत. माणूस घट्ट आवळतो तेव्हा तो ताण तिसऱ्या गोळीला असतो तेवढा दहाव्या गोळीला राहत नाही, आणि बोटांत नाडीचे ठोकेही उतरतात. भार हाडांनी आणि स्लिंगने पेलावा, हाताने फक्त धरावे, हे माझे म्हणणे मी अजून सोडलेले नाही.

माझी खरी काळजी पुढे आहे. ३०० यार्डांवर जी मुलगी शांत असते ती हजारावर का बिघडते? मी मागे दुर्बीण लावून बसलो होतो, पण निशाण सोडून तिलाच पाहत राहिलो. हजारासाठी मागची साइट तिला सुमारे तीस मिनिटे वर घ्यावी लागते, म्हणजे डोळ्यासमोरचे छिद्र आठ-नऊ मिलिमीटर वर जाते. डोळा त्याच्यामागे जातो, गाल लाकडावरून सुटतो, आणि अधांतरी डोके सावरण्यासाठी मान आणि उजवा खांदा आपोआप आवळले जातात. कधी जास्त, कधी कमी. उभ्या रेषेचे मूळ तिथे असावे असे मला वाटते, आणि गालाखालची पट्टी उंच करून ते पाहता येईल. पण एक-दोनदा ट्रिगर सुटायच्या आधीच तिचा खांदा पुढे आल्यासारखा दिसला. ती धक्क्याची धास्ती असेल तर पट्टीने ती जाणार नाही. पॉइंट टू-टूच्या मानाने हा धक्का दहा पटींहून मोठा आहे, आणि तिने तो कधी बोलून दाखवलेला नाही. बापाने विचारले तर ती ‘नाही’ म्हणेल आणि पुढच्या वेळी आणखी आवळून धरेल.

म्हणून तुला गळ घालतो आहे. तू कॅडेटांना खऱ्या काडतुसांत डमी, न उडणारी काडतुसे, मिसळून देतोस, आणि डमीवर नळीचे तोंड खाली झुकले की काही न बोलता नळीवर चाराणे ठेवतोस, ते न पाडता ट्रिगर ओढावा म्हणून, ते तिला तूच लिही. ज्या गावातून तेजस्विनी सावंत म्युनिकला गेल्या आणि २०१० साली प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून करायच्या नेमबाजीत, जगज्जेत्या होऊन परतल्या, त्या गावच्या काकांचा शब्द तिला माझ्यापेक्षा मोठा वाटतो. आधी पट्टी की आधी डमी, एवढे मात्र मला वेगळे कळव. दोन्ही एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. सप्टेंबरअखेर तिची संघनिवड आहे.

काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट पार पडले हे वाचून बरे वाटले; त्यांना माझा नमस्कार सांग. धाकट्याला पुण्यात नोकरी लागली ना? वहिनींना सुनंदाचा निरोप की लोणचे पोहोचले. उत्तर फोनवर नको, लिहूनच पाठव. म्हणजे तिला दाखवता येईल.

तुझा,
सुधाकर