शांता आपटे यांचे उपोषण

मा. संपादक,
स. न.

पुण्याच्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या चित्रपटांविषयी काही लिहून आले, की शांता आपटे यांच्या वाट्याला ‘गोड गळ्याची नायिका’ एवढेच विशेषण येते. जुलै १९३९ मध्ये त्याच ‘प्रभात’च्या फाटकाशी त्यांनी केलेल्या उपोषणाचा विषय बहुधा निघतच नाही, आणि निघालाच तर नटीचा लहरीपणा म्हणून.

सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे १९१६ मध्ये जन्मलेल्या शांताबाई १९३२च्या ‘श्यामसुंदर’मधून पडद्यावर आल्या आणि १९३४च्या ‘अमृतमंथन’पासून ‘प्रभात’च्या झाल्या. बोलपट तेव्हा नुकता बोलू लागला होता आणि पात्रे रंगभूमीच्या सवयीने एका जागी उभी राहून गात. शांताबाईंचे डोळे, मान आणि हात मात्र गाण्याबरोबर चालत. १९३७चा ‘कुंकू’ पाहताना हे फार जाणवते, कारण त्यात वेगळे पार्श्वसंगीत नाहीच. घरातले आवाज आणि पात्रांचे गाणे, एवढ्यावरच सारे उभे आहे. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली त्यांची नीरा नवऱ्याला नवरा मानत नाही, अंगलट येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते आणि मध्येच अमेरिकी कवी लाँगफेलोची इंग्रजी कविताही गाते. (ते इंग्रजी गाणे मला आजही थोडे उपरे वाटते, पण ते गाण्याची हिंमत निर्विवाद.)

पडद्यावरच्या या बंडाला आपण नव्वद वर्षे टाळ्या वाजवत आलो आहोत. दोनच वर्षांनी तीच बाई करार आणि पगाराच्या वादावरून कंपनीच्या दारात अन्नत्याग करून बसली, तेव्हा तिचे बंड मात्र आपल्याला हट्ट वाटले. तो हट्ट असता तर उपोषणाबरोबरच विरला असता. शांताबाईंनी १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले आणि चित्रपटधंद्याकडे मालक आणि राबणारी माणसे या नात्याने पाहिले. त्या काळी एका नामांकित नटीने, मराठीत, असे लिहावे ही साधी गोष्ट नव्हती. ‘प्रभात’ सुटल्यावर त्यांचे काम थांबले असेही नाही. १९४१च्या तमिळ ‘सावित्री’साठी त्या तमिळ शिकल्या, आणि त्या चित्रपटात त्यांच्यासोबत एम. एस. सुब्बलक्ष्मी होत्या. पन्नाशी गाठण्याआधीच, १९६४ मध्ये, त्या गेल्या.

त्यांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका रसिकांनी जिवापाड जपल्या. पुस्तकाला मात्र ते भाग्य लाभले नाही. एखाद्या प्रकाशकाने ते चांगल्या प्रस्तावनेसह पुन्हा छापावे. ‘प्रभात’च्या वास्तूत आज फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. तेथे अभिनय आणि दिग्दर्शन शिकायला येणारी मुले रोज ज्या आवारात वावरतात, तिथे १९३९च्या त्या उपोषणाची नोंद देणारा एक साधा फलक लावण्याचा विचार संस्थेने करावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे