मिरजेच्या सिस्टर, आमचे तात्या पुन्हा पाटावर बसले

आदरणीय सिस्टर, आणि आपल्या विभागीय संघटनेत जखमांची व स्टोमाची (म्हणजे शस्त्रक्रियेने पोटावर केलेल्या उत्सर्जनाच्या वाटेची) शुश्रूषा करणाऱ्या सर्व परिचारिकांना,

सविनय नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये असे आपण बजावून सांगितले होते, म्हणून ते गाळले आहे. मिरजेत आणि आसपासच्या तालुक्यांत ज्यांच्या पोटावर पिशवी आहे, ते आपल्याला नावावाचूनही ओळखतील.

परवा दसऱ्याला, 12 ऑक्टोबर 2024 रोजी, आमच्या घरी सहा महिन्यांनी पूर्ण पंगत बसली. माझे वडील, ज्यांना सारे गाव तात्या म्हणते, पाटावर मांडी घालून बसले, त्यांनी कटाच्या आमटीबरोबर दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि सर्वांची जेवणे होईपर्यंत ते पानावरून उठले नाहीत. आई वाढता वाढता तीन वेळा स्वयंपाकघरात गेली, आणि ती कशासाठी आत जात होती हे आम्हा सर्वांना कळत होते. त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतले. दोन वेळा अर्धवट सोडले, कारण आपण केलेली गोष्ट सांगायला गेले तर इतकी छोटी आहे की ती वाचणाऱ्याला कितपत उमजेल, असे वाटत राहिले.

एप्रिल महिन्यात तात्यांच्या गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया एका मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, याबद्दल त्या सर्जनचे ऋण आम्ही कधीच नाकारणार नाही. परंतु गाठ काढल्यानंतर पोटाच्या डाव्या बाजूला शौचाची जी नवी वाट कायमची करून दिली, तिच्यासह जगायचे कसे, हे सांगायला त्या संपूर्ण इमारतीत कोणालाही वेळ नव्हता. घरी सोडण्याच्या दिवशी एका कर्मचाऱ्याने, पिशवी ज्यावर बसते त्या पोटाला चिकटवायच्या चकतीला कात्रीने भोक पाडून पिशवी लावून दाखवली, तीही पडद्याआड घाईघाईने आणि मान शक्य तितकी दुसरीकडे वळवून. मी वही काढून विचारायला लागले, तेव्हा “मेडिकलवाल्याला विचारा, तो सांगेल” असे उत्तर मिळाले. रात्रपाळीला चाळीस खाटा एकटीने सांभाळणाऱ्या तिथल्या सिस्टरला मी दोष देणार नाही. दोष ज्यांनी तिला एकटीला ठेवले त्यांचा आहे, आणि फाइलवर “स्टोमा केअर समजावून सांगितली” असे लिहून सही करणाऱ्याचा आहे.

पुढचे चार महिने आमच्या घरात काय चालले होते, हे आपल्याला सांगायला नको, कारण आपण ते रोज नव्या माणसाच्या तोंडून ऐकता. केमोथेरपीमुळे तात्यांना जुलाब होत. चकती चिकटवली की चार-सहा तासांत कडेने सुटे. स्टोमाभोवतीची कातडी कच्च्या मांसासारखी लाल झाली होती, आणि ती बरी व्हावी म्हणून आम्ही मलम लावत होतो. आजीच्या आग्रहाखातर खोबरेल तेलही लावून झाले. तेलकट कातडीवर चकती टिकतच नाही, म्हणजे औषध म्हणून जे लावत होतो त्यानेच ती अधिक सुटत होती, हे आपण सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते. एका चकतीमागे जवळजवळ तीनशे रुपये, आणि दिवसाला दोन-दोन चकत्या वाया.

पैशांपेक्षा मोठे नुकसान दुसरेच होते. ज्या माणसाने तीस वर्षे गावच्या प्रत्येक लग्नात पंगत वाढली, तो माणूस स्वतःच्या घरात ताट घेऊन पडवीत जाऊ लागला. आधी म्हणाले, गुडघे दुखतात. नंतर म्हणाले, भूक नाही. खरे कारण त्यांनी आईलाही सांगितले नव्हते. ते मला कळले, कारण पिशवी बदलायचे काम माझ्याकडे होते. मुलीकडून हे करून घ्यावे लागते म्हणून ते प्रत्येक वेळी डोळ्यांवर टॉवेल ओढून घेत. त्या टॉवेलाखालून एकदा ते म्हणाले, “बाई, माझ्या अंगाला वास येतो. अन्नापाशी बसू नये मी.”

आपला पत्ता आम्हाला कोणत्याही डॉक्टरने दिला नाही, तो केमोच्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका अनोळखी बाईंनी दिला. त्यांच्या पतीची पिशवी आपण नीट बसवून दिली होती. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मिरजेला आपल्या त्या छोट्या खोलीत आलो. तात्या दाराशीच थांबले होते. वास येईल म्हणून ते लोकांपासून अंतर राखून उभे राहायचे, ती त्यांची सवयच झाली होती.

सिस्टर, आता जे लिहिणार आहे, त्याच्यासाठीच हे सारे पत्र आहे.

आपण त्यांना टेबलावर झोपवून तपासले. चकती ताठ बसलेली होती, गळती कोठेच दिसत नव्हती. मला वाटले, येथेही तेच उत्तर मिळणार की सर्व काही ठीक आहे. आपण मात्र हातमोजे काढले आणि विचारले, “मामा, घरी जेवायला कसे बसता?” तात्या काहीच बोलले नाहीत. मी सांगितले की पूर्वी मांडी घालून पाटावर बसायचे, आता बसत नाहीत. आपण कोपऱ्यातली चटई घेतली, फरशीवर अंथरली, आणि तात्यांना बसा म्हणण्याआधी स्वतः त्या चटईच्या एका टोकाला मांडी घालून बसलात. पांढरा एप्रन, गळ्यात चष्म्याची दोरी, समोर फरशीवर ठेवलेली कात्री. मग शेजारच्या जागेवर हात थोपटून म्हणालात, “या मामा, जेवायला बसल्यासारखे बसा. घास घ्यायला वाकता तसे वाका.”

तात्या बसले आणि वाकले. त्यांच्या पोटावर स्टोमाच्या डाव्या अंगाला एक खोल घडी पडली आणि चकतीची कड आमच्या डोळ्यांदेखत उचलली गेली. झोपलेल्या माणसाच्या पोटावर ती घडी नव्हतीच. चार महिने ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले, त्यांनी झोपवूनच पाहिले होते. गळती सुरू झाली तेव्हा तात्या घाईघाईने उठू लागले, तर आपण त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालात, “बसा हो. मला हेच बघायचे होते.” आपण नाकाला रुमाल लावला नाही, मागे सरकला नाहीत, आवाजही बदलला नाहीत. तात्यांनी त्या दिवशी डोळ्यांवर टॉवेल घेतला नाही. मी शेजारी उभी होते, म्हणून हे मला दिसले. आपल्या लक्षात आले असेल की नाही, मला सांगता येणार नाही.

पुढचे फार सांगत बसत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या सहा-आठ आठवड्यांत स्टोमा आकसतो आणि त्याबरोबर चकतीचे भोकही लहान कापायचे असते. आम्ही मात्र घरी सोडताना मिळालेल्या मापानेच चार महिने कापत होतो आणि उघडी राहिलेली कातडी भाजत होती. आपण नव्याने माप घेतले, घडीत पेस्ट भरली, थोडी फुगीर बैठक असलेली चकती निवडली, ती दोन तळव्यांमध्ये धरून गरम केली आणि मग लावली. तात्यांना पुन्हा चटईवर बसवले आणि पुन्हा वाकायला लावले. चकती हलली नाही. त्या दिवशीची ती चकती चौथ्या दिवशी आम्ही आपल्या हातांनी काढली.

निघताना आपण एक गोष्ट बोललात, ती मी अजून विसरू शकत नाही. स्टोमा कोठे करायचा याची खूण शस्त्रक्रियेच्या आधीच पोटावर पेनाने करायची असते, आणि ती करताना रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून, वाकवून पाहायचे असते, म्हणजे तो घडीत, जुन्या व्रणावर किंवा कमरेच्या वस्त्राच्या रेषेवर येत नाही, आणि रुग्णाला तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. तात्यांचा स्टोमा धोतर जेथे कसतात, अगदी त्याच रेषेवर आहे. शस्त्रक्रिया आठवडाभर आधी ठरलेली होती. त्या आठवड्यात रक्ताच्या तपासण्या झाल्या, पैसे भरून झाले, संमतिपत्रावर सह्या झाल्या. एक पेन आणि दहा मिनिटे एवढेच त्या रुग्णालयाकडे नव्हते. माझे वडील धोतर नेसतात, हे तिथल्या कोणालाही दिसले नाही.

दुसऱ्या भेटीत आपण तात्यांना नॉर्मा गिल यांची हकीकत सांगितलीत. अमेरिकेतल्या या बाईंवर स्वतःवरच क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी इलिऑस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचे तोंड पोटावर काढण्याची शस्त्रक्रिया, केली होती, आणि बऱ्या झाल्यावर त्या इतर रुग्णांना मदत करू लागल्या, म्हणून 1958 मध्ये डॉक्टरांनी त्यांना त्याच कामासाठी नेमले. 1961 मध्ये तेथेच या शुश्रूषेचे शिक्षण सुरू झाले आणि 1978 मध्ये त्यातूनच जागतिक संघटना उभी राहिली. म्हणजे आज आपण करता ते शास्त्र ज्यांच्यापासून सुरू झाले, त्या परिचारिकाही नव्हत्या, त्यांच्या पोटावर तात्यांसारखीच पिशवी होती. एसटीने परतताना तात्यांनी मला त्या बाईंचे नाव पुन्हा विचारले. घरी आल्यावर त्यांनी ते आईला सांगितले आणि मग म्हणाले, “अगं, त्या बाईनं पिशवी लावून शाळा काढली.” पिशवी हा शब्द त्यांनी सर्वांसमोर मोठ्याने उच्चारल्याची ती पहिली वेळ होती.

5 ऑक्टोबरला जागतिक ऑस्टॉमी दिन, म्हणजे पोटावर स्टोमा असलेल्या माणसांचा दिवस, होता. तो तीन वर्षांतून एकदा, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी येतो, हेही आम्हाला आपल्यामुळेच कळले. त्या दिवशी आपल्या संघटनेने जो मेळावा घेतला, त्याला आम्ही तिघेही आलो होतो. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सभा-समारंभ पुष्कळ पाहिले आहेत; हार, शाली आणि पाहुण्यांची भाषणे यांतच ते संपतात. आपल्याकडे व्यासपीठावर टेबलच नव्हते. ग्रामीण रुग्णालयांतून आलेल्या परिचारिका आपापल्या रुग्णांच्या जखमांची छायाचित्रे, चेहरे झाकून, एकमेकींपुढे ठेवत होत्या आणि “येथे माझे चुकले, कोणी सांगेल का?” असे उघडपणे विचारत होत्या. मधुमेही माणसाच्या टाचेची न भरणारी जखम, अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या माकडहाडावरचा दाबव्रण, कूस बदलायला घरात माणूस नसेल तर काय करायचे, यावर तासभर बोलणे चालले. चूक कबूल करणाऱ्या माणसांची इतकी मोठी सभा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

त्यातच एक अगदी तरुण मुलगी बोलायला उठली. प्रशिक्षणाचा भाग म्हणून तिला एक दिवस आणि एक रात्र स्वतःच्या पोटावर पाणी भरलेली पिशवी लावून राहायचे होते. ती बसने घरी गेली, जेवली, झोपली. ती म्हणाली, “रात्री मी कुशीवर वळलेच नाही. पिशवीत साधे पाणी होते, तरी वळले नाही.” तात्या माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मान हलवली आणि हळूच म्हणाले, “बरोबर बोलली पोरगी.” एप्रिलपासून त्यांच्याही रात्री तशाच गेल्या होत्या, हे मला त्या क्षणी कळले.

या शुश्रूषेचे स्वतंत्र प्रशिक्षण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मिळते, आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांना आधार देणारी संस्थाही मुंबईतच आहे. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या माणसाला मुंबई दूर पडते. तेथे शिकून आलेले हात मिरजेत, सांगलीत, कराडात काम करतात, महिन्यातून एकदा एकत्र बसतात आणि जे एकीला कळले ते दहा जणींना देतात, म्हणून ते ज्ञान आमच्या उंबऱ्यापर्यंत येते. रजेच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने प्रवास करून येणाऱ्या परिचारिका त्या सभेत मी पाहिल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि न आल्या असत्या तर कोणी जाब विचारला नसता. माणुसकी म्हणतात ती आम्ही या दिवसांत दोन्ही बाजूंनी पाहिली, तिचा दुष्काळ आणि तिची समृद्धी, आणि दोन्ही ठिकाणी खाटा, पडदे आणि पांढरे कपडे सारखेच होते. म्हणून ज्यांच्या हाती नेमणुका आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, ज्या रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया होतात तेथे स्टोमाची शुश्रूषा शिकलेली एक तरी परिचारिका नेमावी आणि तिला दुसऱ्या कामाला जुंपू नये.

सिस्टर, येत्या शुक्रवारी तात्या एकटेच एसटीने मिरजेला येत आहेत. त्यांच्याबरोबर मोठ्या मापाच्या 7 कोऱ्या चकत्या पाठवीत आहे. त्यांना आता त्या उपयोगाच्या नाहीत. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या ज्या कोणाला विकत घेणे जड जाईल, त्याला द्याव्यात. पिशवीत रानातल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा आहेत, त्या मात्र आपल्यासाठी आहेत. तात्यांनी एक निरोप लिहायला सांगितला आहे, तो त्यांच्याच शब्दांत देते: “नवा माणूस आला आणि खाली बसायला लाजला, तर मला बोलवा. मी त्याच्याशेजारी चटईवर बसतो.”

आपली कृतज्ञ,
तात्यांची थोरली मुलगी,
तालुका तासगाव, जिल्हा सांगली