खरी नक्कल

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी तहसिलीतली कारकून नाहीये." खरं आहे, तो मी होतो. राग आला नाही असं लिहिणार होतो, पण आला. रात्री दीडपर्यंत जागा होतो. आईला बोलू नकोस, तिला वाटतं पोटाचं काही असेल.

दार्जिलिंगजवळच्या कर्सियांगला एसडीओ, म्हणजे उपविभागीय अधिकारी, झालीस म्हटल्यावर आधी अभिनंदन करायला हवं होतं. त्याऐवजी सही जपून कर, हे पुराण लावलं. या पत्रात तो विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयातला तुझा फोटो सापडला. दुसरीत होतीस, तांबड्या पांडासमोरून हलायला तयार नव्हतीस. फाटकावरचं नाव अक्षर जुळवत वाचलंस, पद्मजा नायडू. "या कोण?" मी म्हटलं, बंगालच्या राज्यपाल होत्या. "म्हणजे काय करायच्या?" "सह्या." "एवढंच?"

एवढंच नव्हतं. आता रिकामा असतो म्हणून वाचलं. सरोजिनीबाईंची ही मुलगी. आई लखनौला राज्यपाल असतानाच १९४९ साली गेली. मुलगी नोव्हेंबर १९५६ ते जून १९६७ कोलकात्याच्या राजभवनात, साडेदहा वर्षं. त्या राज्यात इतकं कुणीच टिकलं नाही. मधल्या काळात, १९६१ साली, आईच्या मागे राहिलेल्या कविता छापून घेतल्या. ते वाचून तुझी आई का कोण जाणे, गप्प झाली.

मला मात्र दुसरंच दिसतं. आपल्याकडच्या जीआरखाली असतं ना, "राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". तिथलं सरकारही तसंच बाईंच्या नावाने चालायचं. ठरवणार मंत्रिमंडळ, नाव यांचं. ३१ ऑगस्ट १९५९ ला कोलकात्यात धान्य मागणाऱ्यांच्या मोर्चावर पोलीस तुटून पडले, माणसं मेली. पोलीस काही बाईंच्या हातात नव्हते. पण त्या रात्री त्यांना झोप लागली असेल का गं? पुढे मार्च १९६७ मध्ये काँग्रेसची सत्ता गेली, तेव्हा जन्मभर काँग्रेसमध्ये वाढलेल्या या बाईंच्याच काळात अजय मुखर्जींच्या सरकारचा शपथविधी झाला. घर एकीकडे आणि पद एकीकडे. हे तुला जमेल, माझ्यापेक्षा नक्कीच. हे लिहिताना छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

पण मनू, एखादा कागद संध्याकाळी सहाला येतो. साहेब निघालेले असतात, समोरचा घाईत असतो, "तेवढी सही द्या" म्हणतो. तेव्हा... बघ, आलोच तिथे. माफ कर.

आता लिहितोच. माझं निलंबन कशावरून झालं ते तुला नीट कधी सांगितलं नाही. तुला तीन दिवस ताप होता. ताप एकशे चार झाला म्हणून शेजारच्या काकूंचा निरोप आला, आणि मी मूळ नोंदीशी न ताडता "खरी नक्कल" लिहून सही ठोकली आणि सायकल काढली. नोंद खोडलेली होती. अकरा महिने घरी बसलो. तुझा यात काहीच दोष नाही, म्हणूनच सांगत नव्हतो. शेवटी निर्दोष ठरलो, थकबाकी मिळाली. दार्जिलिंगला आपण त्याच पैशातून गेलो होतो. आई म्हणत होती पैसे बँकेत टाका. मी ऐकलं नाही, आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

तिकडे धुकं फार असतं, कानटोपी घाल. मेथीचे लाडू पार्सलने पाठवलेत. डब्याचं झाकण घट्ट आहे, ड्रायव्हरला सांग उघडायला. जेवताना फाइल बघू नकोस. फोन केलास तर मी आधी अभिनंदन म्हणेन.

तुझा
बाबा

ता. क. पहिल्या ऑर्डरची झेरॉक्स पाठव, गोपनीय नसेल तर. मजकूर नाही वाचणार. मराठीत सही करतेस की इंग्रजीत, तेवढं बघायचंय.