मिरगाच्या आधी खाणीच्या मातीचा ढीग (डंप) थोपवायला हात हवेत

गावकऱ्यांनो, आणि नोकरीधंद्यासाठी बाहेर राहणाऱ्या आमच्या गाववाल्यांनो,

गेल्या पावसानंतर व्हाळाकडच्या (ओढ्याकडच्या) शेतात आम्ही जुना बांध शोधत होतो. कोपरापर्यंत हात चिखलात घातला, तेव्हा कुठे चिरा हाताला लागला. वर सगळी डंपावरून वाहून आलेली लाल माती. जिथे वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात) पिकायचं, तिथे ती आता वाळून कौलासारखी तडकते.

गोव्यात एक टन खनिज काढायला दोन-तीन टन माती-दगड उपसावा लागतो. तेच हे डंप. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. डंप मात्र तसेच राहिले आणि पाऊस दरवर्षी येतोच.

आमच्या डंपावर पूर्वी अकेशिया लावली होती. लांबून हिरवं दिसतं, खाली घळी खोल होत जातात. झाडं लावणं हे शेवटचं काम, हे आम्हाला उशिरा कळलं. आधी उभी कड मोडून पायऱ्या करायच्या, त्यांना आतल्या अंगाला थोडा ढाळ द्यायचा, समपातळीच्या चरांतून पाणी सावकाश उतरवायचं, पायथ्याला चिऱ्यांचा बांध आणि गाळ बसायला खड्डा. मग वाळा, म्हणजे माती धरून ठेवणारं खोल मुळांचं गवत. त्याच्या आधाराने किंदळ, जांभूळ, भिरंड आणि आपला राज्यवृक्ष माट्टी.

हा आराखडा एका लँडस्केप आर्किटेक्ट ताईंनी मोबदला न घेता केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "खाणीच्या आधी पाणी कुठून जायचं?" आम्हा चाळिशीतल्यांना सांगता येईना. शेवटी एका आजीने काठीने मातीत रेघ ओढली: ही झर, हा व्हाळ, इथे म्हशी धुवायचो. चर त्याच रेघेवरून आखलेत. म्हणून पहिली विनंती घरातल्या वडीलधाऱ्यांना आहे: तुम्हाला आठवतं ते येऊन सांगा.

कोमुनिदादने (गावाच्या सामाईक जमिनीची संस्था) जागेला परवानगी दिली आहे. कमी पडतात ते चिरे (पडक्या घराचे, गडग्याचेही चालतील), वाळ्याची ठोंबं, शेणखत आणि पायऱ्या कापायच्या यंत्राचं भाडं. पैसे पंचायत कार्यालयात समितीकडे द्या, शंभर रुपये असले तरी पावती घ्या. हिशेब दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लागेल.

येत्या रविवारी सकाळी सातला देवळापुढच्या मांडावर जमूया. कुदळ-घमेलं घरचं आणा, पेज आम्ही करतो.

– ग्राम जैवविविधता व्यवस्थापन समिती, डिचोली तालुका