पट्टीवरचे चौकोन

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्र

चि. अमेयस अनेक आशीर्वाद.

जेवताना तू घड्याळ घातलेलं मनगट माझ्यासमोर धरलंस. "आई, स्ट्रेस ७८ दाखवतंय." माझ्या हातात आमटीचा डाव होता. "काही नसतं रे ते, गरम आहे तोवर जेव," एवढंच म्हणाले. तू निमूट जेवलास, गाडी चुकेल म्हणून निघालास आणि लाडवांचा डबा ओट्यावरच राहिला. मागचं आवरताना माझी मलाच लाज वाटली. एकतीस वर्षं ईसीजीच्या खोलीत काढलेल्या बाईने हे उत्तर द्यावं? फोन करावा तर "आई, कॉलवर आहे." म्हणून लिहिते. शेजारचा मुलगा उद्या रबाळ्याला जातोच आहे, त्याच्या हाती डबा देते. चिठ्ठी झाकणाखाली आहे. आधी वाच, मग लाडू.

त्या ७८ चं आधी सांगते. ताप मोजतात तसा ताण कुणी मोजलेला नसतो. तुझ्या घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा उजेडही कमीजास्त होतो. त्यावरून ठोके कळतात आणि दोन ठोक्यांमधलं अंतरही. बहुतेक घड्याळं त्या अंतराच्या कमीजास्तपणावरून ताणाचा आकडा काढतात. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं, त्यामुळे तुझे ७८ आणि तुझ्या रूम पार्टनरचे ४० शेजारी ठेवून बघू नकोस.

अंतर मागेपुढे होणं वाईट, असं तुला वाटत असेल. मलाही वाटायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी कॉलेजचा एक मुलगा फिटनेसच्या कागदासाठी आला होता. हातापायांना क्लॅम्प लावले, जेली लावून छातीवरचे रबरी बल्ब बसवले, ईसीजीची कागदी पट्टी काढली, तर ठोके वेडेवाकडे. त्या कागदावरचा छोटा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. मी पेन्सिलीने दोन ठोक्यांमधले चौकोन मोजले : १९, २१, २३, २०. घाबरून डॉक्टरांकडे पळाले. ते आले, पट्टीकडे बघितलंही नाही, मुलाला म्हणाले, "श्वास रोख." मी पुन्हा लीड टू, म्हणजे हृदयाकडे बघायचा एक कोन, चालवली. २१, २१, २१. "आता सोड, नेहमीसारखा घे." पुन्हा मागेपुढे. "बाई, हा तब्येतीचा गडी आहे," म्हणाले आणि चहाला गेले.

श्वास घेताना हृदय जरा पळतं, सोडताना रेंगाळतं. मेंदूकडून येणारी व्हेगस नर्व्ह म्हणजे हृदयाचा ब्रेक. श्वास आत जाताना तो सैल पडतो, बाहेर येताना बसतो. तरुण, धडधाकट माणसात हा फरक ठळक दिसतो, वयाबरोबर कमी होत जातो. ताणात ब्रेकवरचा पाय उचलला जातो आणि ठोके एकसारखे, कवायतीतल्यासारखे पडू लागतात. तुझं घड्याळ हेच हुडकतं. पण पाय कशाने उचलला गेला, ते त्याला कळत नाही. कॉफी, अंगातला ताप, धावत चढलेला जिना, मॅचची शेवटची ओव्हर, आणि शुक्रवारी तू जे घेतोस आणि मला सांगत नाहीस ते, सगळं त्याला सारखंच. शिवाय हात हलला की उजेडाचा हिशेब चुकतो. लोकलच्या दांडीला लटकलेल्या हातावरून काढलेल्या आकड्याला मी तरी फार किंमत देणार नाही.

आणि घटकाभराचा ताण हा काही आजार नव्हे. काम झालं की ब्रेक परत बसतो. महिनोन्‌महिने तो नीट बसत नाही, तेव्हा झीज सुरू होते. मॅकइवेन आणि स्टेलार या दोन संशोधकांनी १९९३ मध्ये त्या झिजेला अ‍ॅलोस्टॅटिक लोड असं जडजंबाल नाव दिलं. मला घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर चालवलेली गाडी आठवते. त्या दिवशी काहीच बिघडत नाही, क्लचची प्लेट मात्र झिजत असते. ही झीज शोधायला जिथे बघतात त्या जागा अगदी कंटाळवाण्या आहेत : रक्तदाब, कमरेचा घेर, कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची सरासरी साखर.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. २००८ साली आजी अंथरुणाला खिळली होती, तू शाळेत, बाबांची बदली नाशिकला. रात्री तिला कूस बदलून द्यायची, सकाळी ड्यूटी. छातीत धडधडायचं. एकदा दुपारी खोली रिकामी होती, मावशीबाईंना बल्ब धरायला सांगितले आणि स्वतःचाच ईसीजी काढला. नॉर्मल. पट्टीची घडी करून पर्समध्ये ठेवली. धडधडलं की हात लावून बघायचे, आहे ना नॉर्मल! पुढे दाढ दुखली म्हणून दाखवायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, "रात्री दात खाता का? दाढा घासून सपाट झाल्यात." त्याच महिन्यात स्टाफच्या तपासणीत बीपी निघालं, १५०/९६. माझ्या त्या पट्टीवर प्रत्येक लीडचे चार-पाच ठोके होते. एवढ्याशा तुकड्यात दोन वर्षांचं ओझं कुठून दिसणार? ठोक्यांमधला फरक बघायचा तर निदान पाच मिनिटं शांत पडून रेकॉर्डिंग लागतं, नाहीतर चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचा ईसीजी. हे मी रोज दुसऱ्यांना सांगत होते.

परवा कपाटात ती पट्टी सापडली. थर्मल कागद, सगळं उडून गेलंय. नुसते गुलाबी चौकोन उरलेत.

तू विचारशील, मग पक्की टेस्ट कुठली? एकच अशी नाही. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, लाळेतून मोजता येतं, पण ते जाग आल्यावर अर्ध्या तासात चढतं आणि रात्री उतरतं, म्हणून कुठल्या वेळेचं घेतलं यावर सगळं. त्यात बराच काळ ताणात असलेल्या माणसाचं ते चढलेलंच सापडेल असंही नाही, कधी दिवसभराचा चढउतारच सपाट झालेला असतो. केसांतूनही मोजतात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून मुळापासूनचे तीन सेंटीमीटर म्हणजे गेल्या तीन महिन्यांची वही. संशोधनात वापरतात हे. तुझा कट बघता तुझ्या वहीत दीड महिनासुद्धा भरायचा नाही!

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ठोके, तळहाताचा घाम, श्वास या सगळ्यांवरून ताण ओळखायला कॉम्प्युटरला शिकवतात ना, तिथे हा माणूस ताणात आहे की नाही हे ठरवायला बऱ्याच वेळा प्रश्नावलीच देतात. कोहेन नावाच्या संशोधकाची आणि मंडळींची १९८३ ची एक फार चालते. गेल्या महिन्यात किती वेळा वाटलं की गोष्टी हाताबाहेर चालल्यात, अशा धर्तीचे प्रश्न. म्हणजे सगळी यंत्रं लावून झाल्यावर माणसालाच विचारायचं, बाबा रे, कसा आहेस?

ते मी आज विचारलं नाही. दिसत मात्र होतं. कमरेच्या पट्ट्याला तू पुढचं भोक पाडलंयस, तेही कर्कटकाने, वेडंवाकडं. घास चावताना जबड्याशी खटका वाजतो. गणपतीत आरती चालू असताना भिंतीला टेकून झोपलास, तेव्हा काकू हसल्या, मीही हसले. बाथरूममधून गाणं ऐकू येऊन किती दिवस झाले ते मोजलेलं नाही, पण उन्हाळ्यात शेवटचं.

घड्याळ फेकू नकोस. दिवसा त्याच्याकडे बघू नकोस, रात्री घालून झोप. झोपेत हात स्थिर असतो, आकडा त्यातल्या त्यात खरा येतो. त्यात ठोक्यांमधला फरक मिलिसेकंदांत दाखवतात, ते पान शोध आणि तीन-चार आठवड्यांची रेघ बघ. तुझीच तुझ्याशी ताडून बघायची. नाईट शिफ्टचा आठवडा बाजूला धर, तो कुणाचीही रेघ खाली आणतो. सुट्टी घेऊनही रेघ वर येत नसेल, झोपून उठल्यावरही थकलेलाच असशील, तर मला सांग. आणि रेघ चांगली असून तुला बरं वाटत नसेल, तरीही सांग. माझा ईसीजीही चांगलाच होता.

शनिवारी गोखले रोडच्या आपल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, सकाळी दहा. विचारलं नाही, रागावू नकोस. बीपी, वजन, कमरेचा घेर आणि रक्त, उपाशीपोटी ये. रक्त दिल्यावर तलावपाळीला जाऊ, तुला आवडतो तो वडापाव खाऊ. चालता चालता तू सांग, मी मधे बोलणार नाही. टीम लीडचं नाव निघालं तरी नाही.

डबा परत आण. आधीच्या दोन डब्यांची झाकणंही तुझ्याकडेच आहेत.

तुझी,
आई